कव्वालीच्या चालीवर येशूचं गाणं करून मोहल्ल्यात गायचं का?

नगरी_पेटी | सोमवार, रात्री १०:४०

सर्वांना सलाम.

मी नगरचा. आमच्या मंडळीत सत्तावीस वर्षं पेटी वाजवतोय. हा धागा काढावा की नाही यावर आठ दिवस घालवले. शेवटी इथे सगळ्या प्रकारची माणसं वाचतात म्हणून विचारतोय.

आमच्या तरुण संघाने यंदा नाताळच्या आधी एक कार्यक्रम ठरवलाय. तीन गाणी कव्वालीच्या चालीवर बसवली आहेत, उर्दूत. टाळ्या, ढोलक, पेटी, सहा पोरं मागे झील धरायला. चर्चमागच्या मोहल्ल्यात दर्ग्याजवळ एक मोकळी जागा आहे, तिथे संध्याकाळी गायचं. हेतू असा की मुसलमान शेजाऱ्यांपर्यंत येशूची गोष्ट त्यांच्या सुरात पोचावी. पाळकसाहेबांनी परवानगी दिली आहे. पोरं मनापासून राबतायत, आणि खरं सांगायचं तर गाणी कानाला गोड झाली आहेत.

परवाच्या तालमीत मात्र माझा हात थांबला. पहिल्या गाण्यात शब्द आहे 'हज़रत ईसा', मुसलमान येशूला म्हणतात तसा. दुसऱ्यात 'ईसा मसीह'. तिसऱ्यात एकदम 'ख़ुदा का बेटा', आणि ती ओळ दहा-बारा वेळा घोळवायची आहे. मी विचारलं, असं पायरीपायरीने का? उत्तर आलं, "आधी बसू देत, मग सांगू." त्या 'मग'ने मला झोप लागेना.

चाली उसन्या घेण्याला माझा विरोध नाही. मी टिळकांच्या गावचा माणूस. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे येशूवर अभंग लिहिले. आम्ही ते आजही गातो, टाळ-मृदंगासह. ते कधी उसने वाटले नाहीत. मग ही कव्वालीच का टोचते? मला विस्कटून समजून घ्यायचंय. धर्मांवर भांडण नको, संगीतावर आणि हेतूवर बोला.

वसईची_थोरली | सोमवार, रात्री ११:२५

दादा, टिळक कीर्तन-अभंगातच वाढले होते. ती चाल त्यांच्या घरातली होती. कुणाला आवडावी म्हणून त्यांनी ती बाहेरून आणली नाही.

आमच्या कॅथलिकांकडचं उदाहरण त्याहून जुनं. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे, १५७९ साली गोव्यात आले. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. ते परके होते हे खरं, पण ते पुराण लिहिलं गेलं बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. त्यांची जुनी पुराणं सुटली होती, ऐकायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी मागितलं. मागणारा आधी होता, ओवी नंतर आली. तुमच्या कार्यक्रमात मागणारा कोण आहे?

लुधियानात_मराठी | मंगळवार, सकाळी ७:१०

मी मूळची मिरजेची, नर्सिंग केलं आणि लग्न होऊन इकडे आले. सासर पंजाबी ख्रिस्ती. तुमचा प्रश्न वाचून मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण कणीक मळताना एकामागून एक ज़बूर म्हणायच्या, एकही शब्द न चुकता. इकडे बायबलमधल्या स्तोत्रांना ज़बूरच म्हणतात. त्यांची गोष्ट तुमच्या कामाची आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सियालकोट भागात अमेरिकेची युनायटेड प्रेस्बिटेरियन मिशन काम करत होती. ही मंडळी उपासनेत बायबलमधल्या स्तोत्रांखेरीज दुसरं काही गायची नाहीत, त्यामुळे स्तोत्रं लोकांच्या भाषेत पद्यात आणणं त्यांना भागच होतं. आधी उर्दूत केली, विलायती चालींवर. ती गावात चाललीच नाहीत. १८७३ मध्ये दित्त नावाच्या एका गरीब माणसाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याच्यामागून चुहडा या गावकुसाबाहेरच्या समाजातले लोक हजारोंनी मंडळीत येऊ लागले होते. त्यांची बोली पंजाबी, अक्षरओळख बहुतेकांना नाही. त्यांना विलायती चाल काय कळणार आणि किताबी उर्दू काय कळणार?

मग काम आलं इमामुद्दीन शहबाज़ यांच्याकडे. जन्म ज़फ़रवालचा, मुसलमान घरातला, नंतर ख्रिस्ती होऊन पाळक झालेले. त्यांनी सगळी स्तोत्रं पंजाबी पद्यात आणली. काम चालू असतानाच त्यांची नजर गेली, तरी थांबले नाहीत. दुसऱ्याने वाचून दाखवायचं, यांनी ओळ रचायची. चालींसाठी मदत घेतली राधाकिशन नावाच्या हिंदू गवयाची. मुसलमान घरात जन्मलेला कवी, हिंदू गवई, अमेरिकन मिशन आणि गाणारे गावकुसाबाहेरचे लोक. दीडशे स्तोत्रांचे ४०५ भाग पाडले, म्हणजे एका बैठकीत एक भाग गाता यावा. १९०८ मध्ये ते स्वरलिपीसह छापले गेले. फाळणीनंतर सीमेच्या पलीकडे तर पंजाबी ख्रिस्ती घर म्हणजे ज़बूर, इतकं ते मुरलं आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. ज़बूर हा शब्द कुराणातही आहे, दाऊदला ज़बूर दिलं असं तिथे म्हटलंय. पण शहबाज़ यांनी तो कुणाला गोड लागावा म्हणून शोधून आणला नव्हता. त्यांच्या भाषेत त्या पुस्तकाला तेच नाव होतं. आणि ज़बूर मुसलमानांना ऐकवण्यासाठी रचलेच नव्हते. ख्रिस्ती लोकांना स्वतः गाता यावं म्हणून रचले. शेजाऱ्यांच्या कानावर पडले ते भिंतीपलीकडून. माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जेवढे गेले असतील तेवढे कुठल्याही स्टेजवरून गेले नसतील.

नगरी_पेटी | मंगळवार, सकाळी ८:०५

ताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. राधाकिशनांचं मला माहीत नव्हतं. मनापासून आभार.

तरुण_संघ_नगर | मंगळवार, दुपारी १:३०

मी त्याच संघातला आहे. काका, तुम्ही इथे लिहिलं हे बरंच झालं, तालमीत तुमच्यासमोर बोलायला जड जात होतं.

आमची बाजू ऐका. आम्ही कुणाला फसवायला निघालेलो नाही. माझा शाळेपासूनचा जिवलग मित्र त्याच मोहल्ल्यातला. ईदला मी त्याच्या घरी शीरखुर्मा खातो, नाताळात तो आमच्याकडे करंज्या खातो. पण दहा वर्षांत येशूबद्दल मी त्याच्याशी एक वाक्य बोललेलो नाही. जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं तेच जिवलगाला सांगता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. 'ओ होली नाइट' हे इंग्रजी नाताळगीत मी गायलो तर तो उठून जाणार नाही, पण ते त्याच्या कानाशीच राहील. कव्वाली त्याच्या आजोबांची आवड होती. म्हणून कव्वाली. यात चूक कुठे आहे ते सांगा, मी ऐकायला तयार आहे.

दापोलीकर_मुसलमान | मंगळवार, दुपारी ३:५०

बाळा, तुझा प्रतिसाद वाचून उत्तर द्यावंसं वाटलं. चूक सांगायची हिंमत तू मागितलीस, म्हणून सरळ सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस.

पहिली गोष्ट, 'मुसलमानांचा सूर' असा एक सूर नाही. कव्वाली ही दर्ग्याची, चिश्ती या सूफी परंपरेची. माझे वडील ऐकायचे. माझे मामा तब्लीगच्या, म्हणजे धर्मशिकवणीच्या कामात, त्यांच्या घरात वाद्य वाजत नाही. त्यांना नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गीत, चालते, ती नुसत्या गळ्याने. फार तर दफ. तुम्ही ढोलक-पेटी घेऊन मोहल्ल्यात बसलात तर अर्धी घरं खिडक्या लावून घेतील. येशूचा त्यात काही संबंध नसेल, वाद्यं वाजतायत एवढंच कारण पुरेल. कुराण पठणाला आम्ही गाणं म्हणत नाही, अज़ानलाही नाही. कानाला सूर वाटला तरी.

दुसरी गोष्ट. कव्वालीच्या मैफलीला एक क्रम असतो. आधी हम्द, म्हणजे अल्लाहची स्तुती. मग नात, पैगंबरांची. मग मनक़बत, वलींची म्हणजे संतांची. ऐकणाऱ्याच्या मनात त्या जागा पक्क्या असतात. तुम्ही चाल तीच ठेवून नातेच्या जागी दुसरं नाव आणलंत, तर माझ्या वडिलांसारख्याला ते घरात येऊन देवघरातली वस्तू हलवल्यासारखं वाटेल. तुम्हाला तसं करायचं नसेल, पण चालीने ते होतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. हज़रत ईसा आमचेही आहेत. त्यांच्या आईच्या, मरियमच्या नावाची कुराणात अख्खी सूरह, म्हणजे अध्याय आहे. कुराणात नावाने उल्लेख झालेली ती एकच स्त्री. तुमच्या गोष्टीत गव्हाण आहे, आमच्या गोष्टीत खजुराचं झाड. कळा सुरू झाल्यावर मरियम त्या बुंध्याशी जाते, आणि तिला सांगितलं जातं की खोड हलव, ताजे खजूर पडतील. लहानपणी माझ्या आईने ही गोष्ट सांगितली तेव्हा मी आमच्या वाडीतल्या माडाकडे बघत होतो. तेव्हा 'हज़रत ईसा' ऐकून माणसं जवळ येतील, नक्की येतील. पण सूरह इख़लास आमच्या चार वर्षांच्या पोरालाही पाठ असते, रोजच्या नमाज़ात म्हणतो आम्ही. त्यात स्पष्ट आहे की त्याने कुणाला जन्म दिला नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही. सुळावर चढवण्याबद्दलही आमचं म्हणणं तुमच्यापेक्षा वेगळं आहे. हे सगळं तुम्हाला माहीत असून पहिल्या गाण्यात तुम्ही ते झाकता आणि तिसऱ्यात उघडता. पेटीवाल्या दादांना जे टोचलं ते हेच असावं.

तू येशूला देवाचा पुत्र मानतोस हे मला ठाऊक आहे. ते मला तोंडावर सांगितलंस तर मी रागावणार नाही. झाकून आणलंस तर रागावेन.

तरुण_संघ_नगर | मंगळवार, सायंकाळी ६:१५

चाचा, राग नाही आला. गप्प मात्र झालो. एकच विचारतो, मग मी 'येशू' म्हणू की 'ईसा'? 'ईसा' म्हटलं की झाकल्यासारखं, 'येशू' म्हटलं की परकं.

दापोलीकर_मुसलमान | मंगळवार, सायंकाळी ६:४०

तू घरी प्रार्थनेत जे म्हणतोस ते म्हण. मला कळतं कुणाबद्दल चाललंय.

सुराबायाहून | मंगळवार, रात्री ९:२०

मी कापड यंत्रांच्या कामानिमित्त अकरा वर्षं पूर्व जावात आहे, मूळचा इचलकरंजीचा. धर्माने हिंदू, या वादात माझं काही नाही. पण इथे तुमचाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी पडला होता, म्हणून सांगतो.

१८२७च्या सुमारास कोनराद कूलेन नावाच्या माणसाने न्गोरो भागात जंगल तोडून वस्ती वसवली. बाप रशियन, आई जावानी. तो स्वतः शेती करायचा आणि रविवारी आपल्या पेंडोपोत, म्हणजे चारी बाजूंनी उघड्या मंडपात, माणसं जमवायचा. जावाचे तेम्बांग म्हणजे गायनाचे छंद, वायांग म्हणजे कातडी बाहुल्यांचा खेळ, हे सगळं वापरून तो ख्रिस्ताची गोष्ट सांगे. जमणारे मुसलमान होते आणि ज़िक्रची, म्हणजे देवाचं नाव घोळवत म्हणण्याची, त्यांना सवय होती. तो ज़िक्रही त्याने ठेवला. अल्लाहशिवाय कुणी देव नाही, हे म्हणायचं, आणि त्याला जोडून येशू ख्रिस्त अल्लाहचा आत्मा आहे, असं म्हणायचं. लोक डोलत डोलत हे म्हणत.

त्याच वेळी सुराबाया शहरात एम्डे नावाचा जर्मन घड्याळजी होता, कडवा श्रद्धाळू. कूलेनकडची माणसं त्याच्याकडे पोचली. एम्डेने सांगितलं, केस कापा, कमरेचा क्रिस म्हणजे खंजीर काढा, गामेलान हा जावानी वाद्यमेळ नको, वायांग नको. १८४३च्या डिसेंबरात सुराबायात त्यांच्यापैकी पस्तीस जणांचा बाप्तिस्मा झाला. कूलेनचा बाप्तिस्म्यालाच विरोध होता. त्याचं म्हणणं, बाप्तिस्मा घेतला की जावानी माणूस डच होऊन जातो. बाप्तिस्मा घेऊन परतलेल्यांना त्याने वस्तीतून घालवलं.

मला यात दोघंही अर्धे वाटतात. एम्डेने माणसाकडून त्याचं सगळं संगीत काढून घेतलं. कूलेनने संगीत राखलं, पण वस्तीचा मालक तोच. जमीन त्याची, कुणी राहायचं हे ठरवणार तो. त्या पेंडोपोत बसून डोलणाऱ्याला 'मला हे पटत नाही' म्हणायची कितपत मोकळीक होती? चाल कुणाची याबरोबर जागा कुणाची हेही बघावं लागतं.

पुढे न्गोरोतून निघालेल्या लोकांनी मोजोवार्नो वसवलं. तिथल्या जावानी चर्चमध्ये सुगीचा सण होतो, उंदुह-उंदुह. धान्य, फळं, भाज्या रचून सजवलेले मोठमोठे देखावे मिरवत चर्चपर्यंत आणतात आणि सोबत गामेलान वाजतं. मी गेलोय. बघ्यांत निम्म्या बायका हिजाब घातलेल्या असतात, पोरांना खांद्यावर घेऊन उभ्या. कुणी कुणाला काही विकत नसतं. सण चर्चच्या लोकांचा, रस्ता सगळ्यांचा.

कायद्याचा_माणूस | बुधवार, सकाळी ९:००

थोडक्यात लिहितो. घटनेच्या २५व्या कलमात धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपली श्रद्धा मांडता येते. पण सध्याच्या वातावरणात दुसऱ्या समाजाच्या वस्तीत, दर्ग्याशेजारी, त्यांच्याच चालीत कार्यक्रम घेतलात आणि कुणी मोबाइलवर अर्धा मिनिट चित्रण करून फिरवलं, तर तो अर्धा मिनिट कोणता असेल हे तुमच्या हातात नाही. भोगतील पोरं, आणि तो मोहल्लाही भोगेल.

वसईची_थोरली | बुधवार, सकाळी १०:३०

वरच्या मुद्द्याला दुजोरा. पण भीतीपोटी गप्प बसा असा त्याचा अर्थ निघू नये. त्या मुलाचं दुःख खरं आहे. जिवलगाला मनातलं सांगता येत नाही, हे सलतंच.

बाळा, मला वाटतं तुझ्या मित्राला कव्वालीची गरज नाही. त्याला तू हवास. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री बायका आपल्या बोलीत गाणी म्हणतात. शेजारच्या मुसलमान बायका येऊन बसतात, काही ओळी त्यांनाही पाठ आहेत. त्यांच्यासाठी आम्ही एक शब्द बदलत नाही. त्यांनाही ते नको असतं.

लुधियानात_मराठी | बुधवार, दुपारी १२:४५

एक राहिलं. कव्वाली ख्रिस्ती लोकांनी गाऊच नये असं मी म्हणणार नाही. पंजाबात ख्रिस्ती कव्वाल आहेत. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गल्लीत, त्याच उस्तादांकडे शिकलेले. ते गातात तेव्हा कुणी भुवई उंचावत नाही, कारण तो त्यांचा गळा आहे. नगरच्या पोरांनी मोबाइलवर बघून महिनाभरात बसवलेली कव्वाली वेगळी. काका, तुमच्या मोहल्ल्यात कुणी जुने वाजवणारे नाहीत का? आधी त्यांच्याकडे बसून शिकायला काय हरकत आहे?

नगरी_पेटी | रविवार, रात्री ९:५०

उशिरा लिहितोय, क्षमा असावी. मधल्या काळात बरंच घडलं.

गुरुवारी मी आणि हा मुलगा दोघं मोहल्ल्यात गेलो, त्याच्या मित्राच्या घरी. आजोबा आहेत अजून, ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी एका कव्वाली पार्टीत ढोलक वाजवायचे, हे त्यांच्या नातवालाही धड माहीत नव्हतं. मी काही लपवलं नाही. कार्यक्रम काय ठरला होता, का ठरला होता, तिन्ही गाण्यांत काय आहे, सगळं सांगितलं. आजोबा, म्हणजे मोहल्ल्यातले हे चाचा, ऐकत राहिले. मग म्हणाले, "गाके दिखाओ."

मुलाने पहिलं गाणं म्हटलं. त्यांनी अर्ध्यावर थांबवलं आणि शब्दांबद्दल काहीच न बोलता म्हणाले, टाळी चुकतेय. टाळी समेच्या आधी येतेय, तिला बसू दे. पंधरा मिनिटं नुसती टाळी शिकवली. मग तिसऱ्या गाण्याची ओळ मुलाने स्वतःच काढली. म्हणाला, चाचा, यात आम्ही येशूला देवाचा पुत्र म्हणतो, तुम्ही मानत नाही. चाचा म्हणाले, हां बेटा, नही मानते. आणि चहा मागवला.

चहा पिताना मी पखवाजाची गोष्ट काढली, की आमच्याकडे धुमेला, म्हणजे त्याच्या डाव्या तोंडाला, कणीक लावतात. त्यांचे डोळे चमकले. त्यांच्या पार्टीतही डाव्या पुडीला कणीक लावायचे, मेण-मसाला नंतर आला. किती पाणी, किती मळायची, वाजवताना सुकली की बोट ओलं करून कशी फिरवायची, यावर अर्धा तास गेला. देवाचं नाव त्यात कुणी काढलं नाही.

शुक्रवारी तरुण संघाची बैठक झाली. पाळकसाहेबांसमोर सगळं मांडलं. वाद झाला, दोन मुलं नाराज आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी टाकाऊ मानत नाही. त्यांना वाटतं आपण कच खाल्ली. शेवटी ठरलं ते असं. मोहल्ल्यात कार्यक्रम नाही. कार्यक्रम आमच्याच कंपाउंडमध्ये, फाटक उघडं, पत्रिकेवर स्वच्छ लिहायचं की येशूच्या जन्माची उपासना आहे. गायचं आमचं, टिळकांचे अभंग, मराठीत. उर्दू गाणी तूर्त बाजूला. 'ख़ुदा का बेटा' ज्याला म्हणायचं तो मराठीत 'देवपुत्र' म्हणेल, जसा दर रविवारी म्हणतो. शेजाऱ्यांना घरी जाऊन बोलावणं करायचं, यायचं तर या म्हणून.

आणि टिळकांबद्दल एक गोष्ट बैठकीत निघाली, ती इथे नोंदवतो. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र बसत. आमच्यातल्या एका वयस्क बाईंनी हे काढलं आणि विचारलं, आपल्या कंपाउंडात बसायला कुणाला आधी काही व्हावं लागतं का? कुणी उत्तर दिलं नाही, पण खुर्च्या पन्नासच्या ऐवजी शंभर सांगितल्या.

मुलगा आता मंगळवार आणि शुक्रवार चाचांकडे ढोलक शिकायला जातो. आज त्याने कणीक लावून वाजवून दाखवलं. पातळ झाली होती, पुडीवरून ओघळली. चाचांनी सांगितलंय, अजून दोन चिमटी पीठ घाल.